नात्यातल्या देशांच्या युवा स्पर्धा: पदकाचं वजन कसं करायचं?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलीचा जन्म २०१० चा. ती ४०० मीटर धावते, राज्य पातळीवर पदक मिळालं आहे. प्रशिक्षकांनी सांगितलं, २०२७ ची राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवा. त्यावरून घरात दोन मतं पडली. एक म्हणतं, इंग्रजांच्या जुन्या वसाहतींनी आपापसात भरवलेली ही स्पर्धा, तिच्या पदकाचं कौतुक ते काय? दुसरं म्हणतं, पोरगी भारताच्या जर्सीत धावणार असेल तर बारावीसुद्धा बाजूला ठेवू. वडील विचारतात, या स्पर्धेची खरी किंमत किती, आणि तिच्यासाठी आम्ही कशाकशावर पाणी सोडायचं?

आधी थोडक्यात सांगते. ध्येय जरूर ठेवा, पण ते ४०० मीटरच्या एका वेळेचं ठेवा. ती वेळ पायांत आली तर २०२७ ची माल्टातली स्पर्धा असो की दुसरी एखादी, तिला बोलावणं येईल. आणि बारावी बाजूला ठेवू नका. असं का म्हणते ते आता सविस्तर लिहिते, कारण या स्पर्धांचा आपल्याकडे एक तर फार मोठा गवगवा होतो, नाही तर त्यांना अगदीच हलक्यात काढलं जातं. मी गेली २४ वर्षं धावपटूंना शिकवते आहे. कनिष्ठ गटाच्या संघांबरोबर व्यवस्थापक म्हणून परदेशी गेले आहे. २००८ साली ही स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली, तेव्हा मैदानावरच्या पंचांमध्ये मीही होते.

बहुतेक स्पर्धा भूगोलावर ठरतात, म्हणजे आशियाई, आफ्रिकी, युरोपीय वगैरे. काही थोड्या मात्र नात्यावर ठरतात. कुणाला एका भाषेनं बांधलेलं असतं, कुणाला जुन्या सत्तेनं, कुणाला एखाद्या करारानं. कॅरिबियन बेटांची कॅरिफ्टा स्पर्धा घ्या. कॅरिफ्टा हे मुळात तिथल्या मुक्त व्यापार संघटनेचं नाव. बार्बाडोसच्या ऑस्टिन सीली यांनी १९७२ साली मुलामुलींची ही मैदानी स्पर्धा सुरू केली. पुढच्याच वर्षी व्यापार संघटनेची जागा कॅरिकॉम या कॅरिबियन देशांच्या नव्या संघटनेनं घेतली आणि जुनं नाव व्यवहारातून गेलं, पण ईस्टरच्या सुमारास मुलं अजूनही त्याच नावाखाली धावतात. उसेन बोल्ट तिथे २००१ साली १४ व्या वर्षी धावला आणि रौप्य घेऊन परतला. २००४ साली बर्म्युडातल्या कॅरिफ्टात त्यानं २०० मीटर १९.९३ सेकंदांत काढले. कनिष्ठ गटातला कुणीही त्याआधी २० सेकंदांच्या आत आला नव्हता. मी ही स्पर्धा मुद्दाम सांगते, कारण तीही मोजक्याच, एकमेकांशी नातं असलेल्या देशांची आहे. नात्यातली स्पर्धा म्हणजे सोपी स्पर्धा असं समीकरण मांडणाऱ्यानं एकदा कॅरिफ्टाच्या १०० मीटरची प्राथमिक फेरी पाहावी.

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांची आर्क्टिक हिवाळी स्पर्धा १९७० साली कॅनडातल्या यलोनाइफला सुरू झाली, तेव्हा अलास्का, युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज असे तीनच संघ होते. तिथे पदकाचा आकार उलूसारखा असतो. उलू म्हणजे इनुइट बायकांची अर्धगोल सुरी. पोर्तुगीज भाषेच्या नात्यातले लुसोफोनी खेळ २०१४ च्या जानेवारीत गोव्यात झाले. ते मोठ्यांचे होते, पण मकाव, मोझांबिक आणि पूर्व तिमोरचे खेळाडू एका मैदानावर येण्याचं कारण भाषा आणि जुना इतिहास एवढंच होतं. अशा स्पर्धांमध्ये नातं हीच पात्रतेची पहिली पायरी असते. म्हणून कोण आलं आहे याच्याइतकंच कोण येऊच शकत नव्हतं हेही बघायचं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

राष्ट्रकुलात आज ५६ देश आहेत, पण खेळांच्या वेळी संघ ७० च्या वर जातात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड वेगवेगळे उतरतात. जर्सी, गर्न्सी, आइल ऑफ मॅन, जिब्राल्टर अशा छोट्या प्रदेशांचेही स्वतंत्र संघ असतात. मोठ्यांचे खेळ १९३० साली कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झाले. युवा स्पर्धा २००० साली एडिंबरात आली. युवा ऑलिंपिक त्यानंतर १० वर्षांनी सिंगापूरला सुरू झालं, म्हणजे राष्ट्रकुलातल्या मुलांचा हा मेळा त्याच्याहून जुना आहे. वय साधारण १४ ते १८.

आता पदकाच्या वजनाकडे येते. एकाच स्पर्धेतल्या दोन सुवर्णपदकांचं वजन सारखं नसतं. धावण्याच्या कमी अंतरात जमैका, बहामा, त्रिनिदाद, ग्रेनाडा, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका हे सगळे राष्ट्रकुलातलेच. अमेरिका सोडली तर जगातल्या वेगवान मुलांपैकी बरीच इथे हजर असतात. लांब अंतरात केनिया आणि युगांडा आहेत, इथिओपिया आणि मोरोक्को नाहीत. पोहण्यात ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, कॅनडा आहेत, अमेरिका आणि चीन नाहीत. बॅडमिंटनमध्ये मलेशिया आणि सिंगापूर भेटतील, पण चीन, जपान, इंडोनेशिया, कोरिया आणि डेन्मार्क भेटणार नाहीत. ज्युदोत जपान आणि फ्रान्सच नाहीत, वेटलिफ्टिंगमध्ये चीन नाही. म्हणून कुणाच्या मुलाला राष्ट्रकुल युवा पदक मिळालं असं कळलं की मी विचारते, कोणत्या खेळात, आणि गुण, वजन किंवा वेळ किती? आकडा जगात कुठेही तोच राहतो. ५५ सेकंद म्हणजे माल्टातही ५५ आणि टोकियोतही ५५. तुमची मुलगी ४०० मीटर धावते, आणि या स्पर्धेत हा प्रकार भक्कम असतो. तिथे ती अंतिम फेरीत पोचली, तर दुसऱ्या एखाद्या खेळातल्या पदकापेक्षा मी त्याला जास्त मानेन.

याला आणखी एक बाजू आहे, ती फारशी बोलली जात नाही. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ॲथलेटिक्सची स्वतःची जागतिक स्पर्धा होती. १९९९ साली पोलंडमधल्या बिडगोश्चला तिची सुरुवात झाली आणि २०१७ साली नैरोबीनंतर ती बंद करण्यात आली. २० वर्षांखालची जागतिक स्पर्धा आहे, पण १६-१७ वर्षांच्या मुलीला तिथे १९ वर्षांच्या मुलींशी झुंजावं लागतं. आशियाई पातळीवर १८ वर्षांखालची मैदानी स्पर्धा होते, ती चांगली आहे. पण कॅरिबियन, आफ्रिकी आणि ऑस्ट्रेलियन मुली एकाच वेळी शेजारच्या लेनमध्ये मिळतील अशा जागा या वयोगटात आता मोजक्याच उरल्या आहेत. राष्ट्रकुल युवा स्पर्धा त्यातली एक. नैरोबीनंतर तिची किंमत वाढली असं माझं मत आहे.

पुण्याची दोन उदाहरणं देते. २००८ च्या ऑक्टोबरात सायना नेहवालनं इथे मुलींच्या एकेरीचं सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती बीजिंग ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाऊन आली होती, त्यामुळे राष्ट्रकुलातल्या मुलींमध्ये ती वरचढ ठरणार हे उघड होतं. काही आठवड्यांतच पुण्यातच जागतिक कनिष्ठ बॅडमिंटन स्पर्धा झाली. तिथे तिनं अंतिम सामन्यात जपानच्या सायाका सातोला हरवलं आणि असं विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय ठरली. शहर एक, खेळाडू एक, पण जपानची मुलगी समोर येऊ शकली ती दुसऱ्या स्पर्धेत. म्हणून दुसऱ्या पदकाचं वजन वेगळं.

दुसरं उदाहरण तुमच्या मुलीच्याच प्रकारातलं. त्याच आठवड्यात बालेवाडीच्या ट्रॅकवर ग्रेनाडाच्या १६ वर्षांच्या किरानी जेम्सनं ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. आम्हा सगळ्यांच्या तोंडी तेव्हा भारताच्या पदकांचा आकडा होता. चार वर्षांनी लंडन ऑलिंपिकमध्ये तोच मुलगा ४३.९४ सेकंदांत पहिला आला. साधारण लाखभर वस्तीच्या ग्रेनाडाचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. पुण्यात त्याच्या गळ्यात पडलेलं पदक आणि इतर शेकडो पदकं दिसायला सारखीच होती. फरक होता तो निकालाच्या कागदावर नावापुढे छापलेल्या वेळेत.

भारताच्या पदकांचा विषय निघालाच आहे तर सांगते. पुण्यात भारतानं ३३ सुवर्णपदकं जिंकून पहिलं स्थान मिळवलं. आनंद मलाही झाला होता. पण त्या वेळचे नऊ खेळ बघा: ॲथलेटिक्स, बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, नेमबाजी, पोहणं, टेबल टेनिस, टेनिस, वेटलिफ्टिंग आणि कुस्ती. आपल्याला जमणारं जवळजवळ सगळं त्यात होतं. २०११ ला आइल ऑफ मॅनमध्ये कुस्ती आणि नेमबाजी गेली, जिम्नॅस्टिक्स आणि सायकलिंग आलं. २०१५ ला सामोआत लॉन बोल्स आणि तिरंदाजी, २०१७ ला बहामात बीच सॉकर आणि ज्युदो. २०२३ ला त्रिनिदाद आणि टोबॅगोत सातच खेळ होते, त्यात बॅडमिंटन, मुष्टियुद्ध, वेटलिफ्टिंग यातलं काहीच नव्हतं. पुण्यानंतरच्या चारही स्पर्धांत कुस्ती आणि नेमबाजी परत आली नाही. यजमानाला जे पेलतं ते तो ठेवतो, आणि त्यात गैर काही नाही. आइल ऑफ मॅन म्हणजे लाखाच्या आतली वस्ती. मोठे राष्ट्रकुल खेळ तिथे भरणं शक्य नाही, पण युवा स्पर्धा भरते, आणि छोट्या बेटांवरच्या मुलांना आपल्या घरी जग आलेलं दिसतं. मला या स्पर्धेचा हाच भाग सगळ्यात आवडतो. मात्र कुस्तीगीर मुलाच्या पालकांनी विचारलं असतं, तर मी त्यांना ही स्पर्धा विसरायलाच सांगितलं असतं. तुमच्या मुलीचं नशीब एवढं चांगलं की ॲथलेटिक्स आजवर प्रत्येक वेळी होतं.

तारखांचं मात्र तसं नाही, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण पालक याच ठिकाणी फसतात.

आइल ऑफ मॅनची स्पर्धा ऑलिंपिकचं वर्ष टाळण्यासाठी २०१२ ऐवजी २०११ ला घेतली गेली. २०१७ चं यजमानपद मुळात सेंट लुशियाकडे होतं, त्यांनी माघार घेतली आणि बहामानं ते सांभाळलं. २०२१ ची स्पर्धा बेलफास्टला व्हायची होती. पैशांची सोय झाली नाही म्हणून ती त्रिनिदाद आणि टोबॅगोकडे गेली, मग कोविड आला आणि अखेर ती २०२३ ला झाली. आता वयाचं गणित करा. २००४ साली जन्मलेली मुलगी २०१७ ला १३ वर्षांची, म्हणजे लहान. २०२३ ला ती १९ ची, म्हणजे मोठी. तिच्या वाट्याला राष्ट्रकुल युवा स्पर्धा आलीच नाही. ती कितीही जोरात धावली असती तरी आली नसती. आशियाई युवा स्पर्धेचं तर याहून वाईट झालं: २०१३ ला नानजिंगला झाली आणि त्यानंतर थेट २०२५ ला बहरीनला. मधली १२ वर्षं रिकामी.

माझ्याकडे २००४ च्या दोन मुली होत्या. त्यातल्या एकीच्या घरच्यांनी २०२१ च्या त्या एका तारखेवर सगळा डाव लावला होता. अकरावीला प्रवेशच घेतला नाही. स्पर्धा पुढे गेल्याची बातमी आली त्या दिवशी ती सरावाला आली, जॉगिंग करून पायरीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, आता मी कशासाठी धावू?" माझ्याजवळ तेव्हा चांगलं उत्तर नव्हतं. तिला शाळेपासून तोडू नका हे मी वेळेवर ठासून सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, याची खंत आजही आहे. दुसरीनं शिक्षण चालू ठेवलं, विद्यापीठाच्या संघातून धावली, अजूनही धावते. तुमची मुलगी २०२७ ला १७ वर्षांची असेल, वयात नीट बसते. पण तोच काळ बारावीचा आहे. दोन्ही एकत्र जमतं, मी जमवून घेतलेल्या मुली पाहिल्या आहेत. सकाळचा सराव, दुपारी कॉलेज, आठवड्याचा एक पूर्ण दिवस विश्रांती. १७ वर्षांच्या ४०० मीटर धावणाऱ्या मुलीला दिवसाकाठी सहा-सात तास मैदानावर घालवायची गरजच नसते. कुणी तसं सांगत असेल तर तिचे गुडघे आणि नडग्या सांभाळा.

घरातलं पहिलं मत, जुन्या साम्राज्याबद्दलचं, मी झटकून टाकत नाही. नातं राजकीय असतं तेव्हा ते तुटतंही, आणि किंमत खेळाडू मोजतात. किर्स्टी कोव्हेंट्री या झिंबाब्वेच्या जलतरणपटूनं २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल खेळांत सुवर्ण जिंकलं. पुढच्या वर्षी तिचा देश राष्ट्रकुलातून बाहेर पडला. ती स्वतः ऑलिंपिकमध्ये चमकली आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अध्यक्ष झाली, पण तिच्या देशातल्या नंतरच्या मुलांना एडिंबरा-पुण्यासारख्या स्पर्धांचं दार बंद झालं. फिजीला २००९ साली निलंबित केलं आणि २०१० च्या दिल्लीत त्यांचा संघ आला नाही. सेव्हन्स रग्बी हा त्यांचा जीव की प्राण, तरी नाही. मालदीव २०१६ ला बाहेर पडलं आणि २०२० ला परतलं, मधल्या बहामाच्या स्पर्धेत तिथली मुलं नव्हती. उलट रवांडा, मोझांबिक, गॅबन, टोगो हे कधीच इंग्रजांच्या मुख्य वसाहतींपैकी नव्हते, ते आपणहून आत आले. तेव्हा हे नातं आता फक्त गुलामीची आठवण राहिलेलं नाही. पण धाग्यासारखं आहे, कधी ताणलं जाईल सांगता येत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं भवितव्य त्या धाग्याला बांधू नये एवढंच मी म्हणते.

मग स्पर्धेतून मिळतं काय? खरं सांगायचं तर इथवरचं सगळं मी वर्तमानपत्र वाचूनही लिहू शकले असते. मला सांगायचं आहे ते पथकाबरोबर राहून कळलेलं.

आपली मुलं एकाच खेळाच्या घोळक्यात वाढतात. मैदानावर धावपटू, प्रवासात धावपटू, खोलीत धावपटू. बहुखेळांच्या स्पर्धेत मुलगी पहिल्यांदा पथकाची सदस्य होते. जेवायच्या रांगेत पुढे सायकलपटू, मागे जलतरणपटू. कुणाची शर्यत पहाटे, कुणाची रात्री. खोलीतली जोडीदार पहिल्याच दिवशी हरून मोकळी झालेली असते आणि आपल्या मुलीची फेरी अजून तीन दिवसांवर असते. ती जोडीदार रात्री एकला गप्पा मारत बसते, यात तिचा दोष नसतो. हे सांभाळणं शिकवावं लागतं. मी मुलींना डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे घेऊनच जायला सांगते, आणि "मला झोपायचंय" हे वाक्य हसत म्हणायची अक्षरशः तालीम करून घेते.

दुसरी गोष्ट, तिचे स्वतःचे प्रशिक्षक बहुधा सोबत नसतील. पथकात प्रशिक्षकांच्या जागा मोजक्या असतात आणि ओळखपत्र त्यांनाच मिळतं. पथकातले प्रशिक्षक चांगलेच असतात, पण तिच्या वॉर्म-अपची पद्धत त्यांना माहीत नसते. म्हणून वॉर्म-अप तिच्या हातच्या अक्षरात एका कागदावर हवा: किती मिनिटं जॉग, कोणते ड्रिल, किती स्ट्राइड, शर्यतीच्या किती आधी काय. आणि कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी धावपटूंना एकत्र बसवतात त्या खोलीत, तर कुणीच सोबत येत नाही. आठ मुली एका खोलीत बसतात, पंच बॅगा तपासतात, मोठी जाहिरातचिन्हं चिकटपट्टीनं झाकतात, बुटांचे खिळे मोजतात. सिंथेटिक ट्रॅकवर धावण्यासाठी ९ मिलिमीटरपेक्षा लांब खिळे चालत नाहीत. माझ्या एका मुलीच्या बुटांना मातीच्या मैदानावरचे १२ मिलिमीटरचे खिळे तसेच राहिले होते, आणि ते काढायची किल्ली बॅगेत नव्हती. शेजारच्या लेनमधल्या एका अनोळखी मुलीनं आपली किल्ली दिली आणि चार खिळे तिनं स्वतः पिळून काढले. माझी मुलगी त्या शर्यतीत पाचवी आली. घरी आल्यावर तिनं सगळ्यात आधी किल्लीची गोष्ट सांगितली, वेळ नंतर. ज्यांना हरवायला आपण गेलो त्यांच्याबद्दल असं काही मनात घेऊन परतणं, मला वाटतं, या वयातच होऊ शकतं. या मुलांची संचलनानंतरची आपापल्या संघाच्या बिल्ल्यांची देवाणघेवाण पाहिली तरी तेच दिसतं.

संचलनावरून आठवलं. फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी असेल तर मुलीला उद्घाटनाला नेऊ नये, तासन्तास उभं राहून पाय जातात, असं पूर्वी मी ठामपणे सांगायचे. एकदा एका मुलीला तसं खोलीत ठेवलं. ती रात्रभर जागी राहिली, खिडकीतून रोषणाई पाहत, आणि सकाळी खराबच धावली. आता मी त्या त्या मुलीचा स्वभाव बघून ठरवते. तुमच्या मुलीच्या बाबतीत निर्णय व्यवस्थापकांचा असेल. तो काहीही झाला तरी घरून फोन करून फाटे फोडू नका.

शर्यतीबद्दल एकच सांगते, बाकीचं तिच्या प्रशिक्षकांना ठाऊक असणार. आपल्या जिल्हा-राज्य स्पर्धांत चांगली मुलगी पहिल्या २०० मीटरनंतर एकटीच पुढे असते. तिथे तसं होणार नाही. शिवाय प्राथमिक फेरीत आठवी लेन आली तर तिच्यापुढे कुणीच दिसत नाही, सगळ्या मागून येतात, आणि ज्यांना कायम कुणाचा तरी पाठलाग करायची सवय असते त्या मुली तिथे पहिला टप्पा हळू धावतात. आतापासून सरावात तिला पहिल्या आणि आठव्या लेनमधून आलटून पालटून धावू द्या. तसंच सलग दोन दिवस पूर्ण ताकदीचे ४०० मीटर धावायची सवय हवी. वर्षातून तीन-चार वेळा, जास्त नको. पुष्कळ मुली पहिल्या दिवशी आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देतात आणि उपांत्य फेरीत दीड सेकंदानं घसरतात. त्यांचा वेग कमी नसतो, लागोपाठ धावायची शरीराला सवय नसते. लांबच्या देशात वेळेच्या फरकाचाही हिशेब येतो. त्रिनिदाद आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तासाला एक दिवस या साध्या हिशेबानं शरीर जुळवून घ्यायला आठवड्याच्या वर लागतो. माल्टाचा फरक त्यापेक्षा कमी, तेवढी सोय आहे.

औषधांची काळजी मात्र पालकांचीच. सर्दी-खोकल्याच्या साध्या औषधातही इफेड्रिन किंवा स्यूडोइफेड्रिन असू शकतं, आणि ते स्पर्धेच्या काळात निषिद्ध द्रव्यांत मोडतं. दमा असेल तर इनहेलरमधलं औषध आणि त्याचं प्रमाण आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या, लागणारी परवानगी प्रवासाआधी काढा. जिममधल्या कुणीतरी दिलेली पावडर घरात येऊ देऊ नका. डब्यावर छापलेलं आणि डब्यात असलेलं यात फरक असू शकतो, आणि चाचणीत सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. अल्पवयीन मुलीची चाचणी होते तेव्हा सोबत मोठं माणूस असावं लागतं. हे तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाही.

वयाचे कागद सरळ ठेवा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव आणि तारीख एकसारखी हवी, स्पेलिंगसकट. वय चोरण्याचा रोग आपल्याकडे जुना आहे, म्हणून मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढून वय तपासलं जातं. खऱ्या वयाच्या मुलीला त्याची भीती नाही, पण कागदात घोळ असेल तर तीही अडकते.

शेवटी एक इशारा, कारण तुमच्या मुलीचं राज्य पदक झालं आहे आणि लवकरच तुम्हाला फोन येतील. दोन-चार देशांची नावं जोडून 'आंतरराष्ट्रीय युवा क्रीडा महोत्सव' भरवणारे पुष्कळ आहेत. शेजारच्या देशात तीन दिवसांची सहल, पालकांकडून भरभक्कम शुल्क, तिरंगा लावलेला ट्रॅकसूट, आणि मैदानात उतरल्यावर समोर आपल्याच देशातले दुसरे संघ. परतल्यावर गावात मिरवणूक निघते. मुलाला वाटतं आपण भारताकडून खेळलो. मी अशी मुलं नंतर रडताना पाहिली आहेत, कारण ते प्रमाणपत्र नोकरीच्या किंवा प्रवेशाच्या वेळी कुणीच मानत नाही. ओळखायचं कसं? राष्ट्रकुल युवा स्पर्धेसाठी भारताचं पथक भारतीय ऑलिंपिक संघटनेमार्फत जातं आणि ॲथलेटिक्सची निवड राष्ट्रीय महासंघाच्या निकषांवर होते. निवड चाचणी किंवा पात्रतेची वेळ जाहीर नसेल, महासंघाचं पत्र नसेल आणि पैसे तुमच्याकडून मागत असतील, तर नम्रपणे नाही म्हणा. तेच पैसे तिच्या बुटांवर, फिजिओवर आणि राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेच्या प्रवासावर घाला. तिथे अंतिम फेरीत सहावी आली तरी त्या महोत्सवाच्या सुवर्णापेक्षा निवड समितीला ते जास्त कळतं.

आता या महिन्यात करायचं एवढंच: पासपोर्टचा अर्ज, दाखल्यांची जुळवाजुळव आणि एक वही. गेल्या वर्षभरातल्या तिच्या प्रत्येक ४०० मीटरची वेळ तारीख, मैदान आणि लेनसकट त्या वहीत उतरवा. हातानं घड्याळ लावून घेतलेली वेळ असेल तर तशी नोंद करा, ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी थेट ताडता येत नाही. महासंघानं पात्रतेची वेळ जाहीर केली की ती वही घेऊन तिच्या प्रशिक्षकांसोबत बसा. अंतर दीड सेकंदाच्या आत असेल तर पुढच्या मोसमाचं वेळापत्रक कसं लावायचं ते मला विचारा, मी लिहून देईन.